चाकांच्या ट्रॉलीसाठी थ्रीडी प्रिंटेड हुक आणि होल्डर स्वतः डिझाइन करायचे तर सुरुवात कुठून करायची

तीन मजल्यांची, चाकं असलेली पत्र्याची ट्रॉली आता बऱ्याच घरांत दिसते. आयकियाची रोस्कोग घ्या (ती साधारण ३५ बाय ४५ सेंटिमीटर आणि उंचीला ७८) किंवा तिच्यासारखी ऑनलाइन मिळणारी दुसरी कुठलीही घ्या, ढाचा तोच, तीन उथळ ट्रे, बाजूने पाईप, खाली चाकं. कुणी त्यात कांदे-बटाटे ठेवतं, कुणी बाळाचं सामान, कुणी रंग आणि ब्रश. आमच्याकडे ती शिवणाच्या मशीनशेजारी उभी असते, म्हणून मी उदाहरणं शिवणकामाची देणार आहे, पण तुमच्या ट्रॉलीत काहीही असलं तरी रीत तीच.

या ट्रॉलीचा प्रॉब्लेम असा की ट्रे उथळ असतात आणि त्यात सगळं आडवं पडतं, कात्रीखाली टेप, टेपखाली खडू, त्याखाली बॉबिन, आणि ट्रॉलीची बाहेरची बाजू मात्र पूर्ण रिकामी. ती बाहेरची बाजू वापरायची हेच सगळं काम आहे. थ्रीडी प्रिंटर (वितळलेलं प्लास्टिक थरावर थर टाकून वस्तू बनवणारं मशीन) हाताशी असेल तर यासारखा सुंदर पहिला प्रोजेक्ट नाही, कारण वस्तू छोटी, प्लास्टिक कमी लागतं, आणि बनवलेली गोष्ट रोज हाताखाली येते.

नवीन लोक थेट हुकचा आकार काढायला बसतात आणि तो ट्रॉलीवर बसवायचा कसा हे शेवटी बघतात. माझं म्हणणं आहे की क्रम उलटा ठेवा. आधी ट्रॉलीच्या कडेवर घट्ट बसणारी एक क्लिप पक्की करा, बाकी काही नाही. ती जमली की तिच्यावर हुक लावा, पेनस्टँड लावा, रिळांची रॅक लावा, सगळं सोपं होतं. आणि ती जमली नसेल तर वरचा हुक कितीही छान काढलेला असू दे, पहिल्याच उंबऱ्यावर तो उडून खाली पडणार.

सामान बाहेर काढा आणि वजन करा

कॉम्प्युटर उघडायच्या आधी ट्रॉलीतलं सगळं टेबलावर काढा आणि तीन ढीग करा. एक, लटकवता येणारं, जसं की कात्र्या, मापाचा टेप, भोक असलेली पट्टी. दोन, उभं राहणारं, म्हणजे मार्किंग पेन, शिवण उसवायचं रिपर, बारीक स्क्रूड्रायव्हर, मशीनच्या तेलाची बाटली. तीन, लोळणारं, बॉबिन, रिळं, बटणं, खडूचे तुकडे. पहिल्या ढिगाला हुक, दुसऱ्याला खिसे, तिसऱ्याला कप्पे किंवा खुंट्या.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा आणि पहिल्या ढिगातली प्रत्येक वस्तू त्यावर ठेवा. टेलरची मोठी लोखंडी कात्री हातात वाटते त्यापेक्षा बरीच जड भरते आणि हुक किती जाड करायचा हे त्या आकड्यावर ठरतं. इस्त्रीसारखी जड वस्तू लटकवायच्या भानगडीत पडू नका, ती खालच्या ट्रेमध्येच राहू द्या. वरच्या कडेला एकाच बाजूला सगळं वजन गेलं तर ट्रॉली ओढताना कलंडते, त्यामुळे जड हुक मधल्या किंवा खालच्या ट्रेला लावायचे आणि दोन्ही बाजूंना वाटून लावायचे.

अजून एक माप आत्ताच घ्या, ट्रॉली जिथून जाते आणि जिथे उभी राहते त्या सगळ्यात अरुंद जागेचं. समजा कपाट आणि भिंतीच्या मध्ये ४० सेंटिमीटरची फट आहे आणि ट्रॉली ३५ ची आहे, तर दोन्ही बाजूंना मिळून ५ सेंटिमीटर राहिले, एका बाजूला अडीचच. हुक तीन सेंटिमीटर बाहेर आला की ट्रॉली आत जाणारच नाही. अशा वेळी हुक फटीतून बाहेर तोंड करून राहणाऱ्या बाजूला लावायचे. भिंतीवरच्या हुकला हा विचार करावा लागत नाही, चाकांच्या वस्तूला करावाच लागतो.

कड मोजणं

इथे घाई करू नका, अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. डिजिटल व्हर्नियर कॅलिपर (जबड्यात वस्तू धरून तिची जाडी अचूक दाखवणारं साधन) घ्या, साधा चालतो, फूटपट्टीने हे होत नाही. ट्रेच्या पत्र्याची कड बहुतेक वेळा आत किंवा बाहेर वळवलेली असते, त्यामुळे पत्रा पातळ असला तरी कड चांगली जाड असते आणि क्लिप त्या वळवलेल्या कडेवर बसणार असते. चार मापं लागतात, कडेची जाडी, वळवलेल्या भागाची उंची, त्याच्या खालून पत्रा किती आत सरकतो ते, आणि ट्रेची भिंत सरळ आहे की खाली निमुळती होत जाते ते. प्रत्येक माप चारही बाजूंना घ्या कारण वेल्डिंगजवळ आणि कोपऱ्यात आकडा बदलतो, रंगाचा थरही कुठे जाड कुठे पातळ असतो. जाडीचं जे सगळ्यात मोठं माप येईल ते डिझाइनसाठी धरा.

कडेचा गोलवा कॅलिपरने नीट कळत नाही, त्याला एक छान युक्ती आहे. सोल्डरिंगची मऊ तार घ्या, कडेवरून दाबून तिला तो आकार द्या, आणि न वाकवता अलगद बाजूने सरकवून काढा. ती ग्राफ पेपरवर ठेवून पेन्सिलने गिरवली की कडेची बाजूने दिसणारी आकृती हातात आली. शेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढला तर तो फ्यूजन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मागे लावून त्यावरच रेघा मारता येतात. (सोल्डरमध्ये शिसं असू शकतं म्हणून नंतर हात धुवा.)

चित्र काढणं

सॉफ्टवेअर कुठलं याच्यावर फार वेळ घालवू नका. अगदीच नवीन असाल तर टिंकरकॅड, ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, ठोकळे जोडायचे आणि पोकळ ठोकळ्याने कापायचे एवढंच. पण हुकसाठी मला स्केच काढून तो जाड करणारं सॉफ्टवेअर जास्त सोयीचं वाटतं, म्हणजे फ्यूजन (घरगुती वापरासाठी त्याचं मोफत लायसन्स मिळतं) किंवा फ्रीकॅड, जे ओपन सोर्सच आहे. कारण हुक आणि क्लिप दोन्ही बाजूने बघितले की एक सपाट आकृती असते, ती एकदा काढली आणि १५ मिलिमीटर जाड केली की वस्तू तयार.

आता आकृती. वरून सुरू करा. कडेवर बसणारा उलटा यू, त्याची आतली फट म्हणजे कडेची जाडी अधिक ०.३ मिमी. यूची भिंत ३ मिमी. यूचा आतल्या बाजूचा पाय वळवलेल्या कडेच्या खाली जिथे संपतो तिथे पत्र्याकडे आलेला एक छोटा दात काढा, ०.८ ते १ मिमी बाहेर आलेला, हा दात कडेखाली अडकतो आणि ट्रॉली दणकली तरी क्लिप वर उडत नाही (कड बाहेरच्या बाजूला वळवलेली असेल तर दात बाहेरच्या पायाला). दाताची खालची बाजू तिरकी ठेवा म्हणजे क्लिप वरून दाबताना सरकत बसेल.

बाहेरचा पाय मात्र लांब ठेवायचा, ट्रेच्या भिंतीला टेकून खाली चाळीसेक मिमी जाईल एवढा. बरेच जण हा पाय आखूड ठेवतात आणि मग हुक पुढे झुकतो. साधा हिशेब करा, अर्धा किलो वजन कडेपासून ३० मिमी लांब लटकलंय, तर ते क्लिपला फिरवायला बघतं. पाय ४० मिमी असेल तर त्याच्या टोकाला भिंतीवर पावणेचारशे ग्रॅमचा रेटा येतो, १५ मिमी असेल तर तोच रेटा एक किलोवर जातो, आणि वरच्या यूलाही तेवढाच ताण सोसावा लागतो. थोडं प्लास्टिक जास्त गेलं तर गेलं, पाय लांबच ठेवा. ट्रेची भिंत निमुळती असेल तर पायालाही तोच उतार द्या, नाहीतर तो हवेत राहील आणि त्याचा काही उपयोग नाही.

पायाच्या खालच्या टोकातून हुक बाहेर काढा. तोंड १५ ते २० मिमी, आणि टोक वर किमान १२ मिमी वळलेलं. भिंतीवरच्या हुकला टोक छोटं चालतं, इथे ट्रॉली ढकलताना वस्तू उड्या मारतात, टोक बुटकं असेल तर कात्री निसटून थेट पायावर पडेल. हे खरंच गंभीरपणे घ्या, घरात लहान मूल असेल तर कात्री हुकवर लटकवूच नका, तिला बंद तळाचा खोल खिसा करा आणि तोही वरच्या ट्रेला आतून लावा.

आकृतीतला प्रत्येक आतला कोपरा गोल करा, निदान २ मिमी रेडियस. क्लिप तुटते ती जवळजवळ नेहमी आतल्या टोकदार कोपऱ्यातून, कारण सगळा ताण त्या एका रेघेवर जमा होतो.

झोपवून प्रिंट करा

थ्रीडी प्रिंट थरांनी बनते, आणि लाकूड जसं रेषेच्या दिशेने सहज चिरतं तशी प्रिंट दोन थरांच्या मधून सुटते. हुक उभा ठेवून छापला तर थर आडवे येतात आणि वजन त्यांना एकमेकांपासून ओढतं, थोड्याच दिवसांत हुक वाकाच्या ठिकाणी तुटून हातात येतो. तोच हुक कुशीवर झोपवून छापला तर प्लास्टिकची रेघ यूवरून, पायावरून, हुकच्या वाकावरून सलग फिरते आणि वजन त्या सलग रेघेवर येतं. म्हणूनच सपाट आकृती काढून जाड करायची पद्धत इतकी चांगली, ती आहे तशीच बेडवर (प्रिंटरच्या सपाट पाटावर) झोपते आणि सपोर्टही, म्हणजे अधांतरी भागाखाली छापायचा तात्पुरता आधारही, लागत नाही.

सेटिंगमध्ये ०.४ मिमीच्या नॉझलला (प्लास्टिक जिथून बाहेर येतं ते तोंड) ०.२ मिमीचा लेयर म्हणजे थर, भिंती (वस्तूच्या बाहेरच्या कडेने फिरणाऱ्या प्लास्टिकच्या रेघा) चार, इन्फिल (आतली जाळीदार भरण) २० ते २५ टक्के. ताकद हवी असेल तर इन्फिल वाढवण्याआधी भिंती वाढवा, ३ मिमी जाडीत चार भिंती टाकल्या की ती जवळजवळ भरीवच होते. पहिला लेयर बेडवर थोडा पसरतो आणि क्लिपची फट तेवढ्याच ठिकाणी अरुंद होते, म्हणून खालच्या कडांना अर्ध्या मिमीचा चॅम्फर (तिरका काप) द्या, नाहीतर माप बरोबर असूनही क्लिप कडेवर चढत नाही आणि लोक उगाच अख्खं डिझाइन बदलत बसतात.

आधी पातळ तुकडा

पूर्ण हुक छापायच्या आधी त्याच आकृतीची फक्त ५ मिमी जाड चकती छापा. दोनेक ग्रॅम प्लास्टिक आणि थोडासा वेळ, बस्स. अशा तीन चकत्या करा, एकीची फट कडेपेक्षा ०.२ मिमी जास्त, दुसरीची ०.३, तिसरीची ०.४, आणि ओळखता याव्यात म्हणून त्यांना एक, दोन, तीन ठिपके द्या. ट्रॉलीच्या चारही बाजूंना लावून बघा. दाबताना टक असा आवाज येऊन बसली, हलवली तर डुगडुगत नाही आणि अंगठ्याने दात मागे ओढला की निघते, ती तुमची चकती. हाताने पूर्ण जोर लावूनही बसत नसेल तर जबरदस्ती करू नका, रंग खरवडला जातो आणि तिथून पत्रा गंजायला लागतो. प्रत्येक प्रिंटरचं माप थोडं वेगळं येतं, म्हणून दुसऱ्या कुणाचा ०.३ हा आकडा तुमच्याकडे ०.४ निघू शकतो, ही चाचणी प्रत्येकाने आपल्या मशीनवरच करायची.

प्लास्टिक कुठलं

शिकायला पीएलए उत्तम, छापायला सगळ्यात सोपं. पण क्लिपसाठी मी पीईटीजी सांगेन. पीएलए कडक असतं, सतत ताणाखाली राहिलं की हळूहळू सैल पडतं, आणि दात वाकवताना तडकतं. शिवाय ६० अंशांच्या आसपास ते मऊ होतं. गॅलरीत उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी ट्रॉलीचा पत्रा एप्रिल-मे महिन्यात किती तापतो हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, तिथे पीएलएचा हुक वजनाने लांबतो. गॅस शेगडीजवळच्या ट्रॉलीलाही तेच. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं आणि थोडं लवचिक आहे, दात वाकून परत जागेवर येतो. नॉझल २३० ते २४५ अंश, बेड ७० ते ८०, आणि छापताना गार करणारा पंखा पीएलएपेक्षा कमी.

पावसाळ्यात, खास करून मुंबई-कोकण-गोव्यात, फिलामेंट (रिळावर गुंडाळलेली प्लास्टिकची तार, जी प्रिंटर वापरतो) हवेतला ओलावा ओढतं. छापताना चटचट आवाज, वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, थर ठिसूळ, ही सगळी ओल्या फिलामेंटची लक्षणं. रीळ वापरून झालं की सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलं झालंच तर फिलामेंट ड्रायरमध्ये पीएलए ४५ ते ५० अंशांवर, पीईटीजी ६० ते ६५ वर, चार-सहा तास. घरचा ओव्हन नको, त्याचं तापमान वरखाली होतं आणि रीळ वितळून चिकटतं.

होल्डर वेगळा, क्लिप वेगळी

हुक झाले, आता खिसे आणि कप्पे. इथे एक अडचण येते. क्लिप झोपवून छापायचीय पण डब्यासारखा होल्डर उभाच छापावा लागतो, दोन्ही एकाच तुकड्यात केले तर कुणातरी एकाचे थर चुकीच्या दिशेला जातात. म्हणून दोन तुकडे करा आणि ते एकमेकांत सरकवा. क्लिपच्या लांब पायावर बाहेरच्या बाजूला एक उभी पट्टी काढायची, जी पायाजवळ अरुंद आणि बाहेर रुंद असते, सुतार लाकडाच्या जोडाला डव्हटेल म्हणतात तशीच. तिची बाहेरची रुंदी क्लिपच्या रुंदीएवढी आणि बाजूंचा उतार ४५ अंश ठेवा म्हणजे क्लिप झोपवून छापतानाही सपोर्ट लागणार नाही. होल्डरच्या पाठीला त्याच आकाराची खाच, खालून उघडी आणि वरून बंद, फट प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.२५ मिमी. होल्डर वरून खाली सरकवला की खाचेचं बंद तोंड पट्टीच्या डोक्यावर टेकतं आणि स्वतःच्या वजनाने बसून राहतो. यासाठी होल्डरची पाठ जाड लागते, पट्टी पायापासून ४ मिमी बाहेर आलेली असेल तर पाठ ६ मिमी.

याचा खरा फायदा नंतर कळतो. क्लिप एकदाच आठ-दहा छापून ठेवायच्या, आणि मग नवीन वस्तू आली की फक्त नवीन होल्डर काढायचा, पाठीची खाच जुन्या फाइलमधून कॉपी. ट्रॉली बदलली तर उलट, फक्त क्लिप नवीन.

पेनच्या खिशाला भिंत २ मिमी पुरते. तळ पूर्ण बंद ठेवू नका, दोन-तीन भोकं ठेवा, दोऱ्याची कुसं आणि खडूची पूड खाली पडून जाते. समोरची भिंत मागच्यापेक्षा बुटकी ठेवली तर आत काय आहे ते दिसतं. वस्तूच्या मापापेक्षा खिसा सगळ्या बाजूंनी २ मिमी मोठा असू द्या, घाईत पेन ठेवताना नेम धरावा लागू नये. मापाच्या टेपला हुकपेक्षा ६० मिमीची गोल चकती चांगली, तिच्यावर टेप गुंडाळून ठेवता येतो आणि मोडत नाही.

रिळांच्या खुंट्या काढताना लक्ष द्या. तळाच्या पट्टीसकट उभी छापलेली ५-६ मिमीची खुंटी हाताचा धक्का लागला की बुडाशी मोडतेच, तेच थरांचं कारण. खुंट्या वेगळ्या, आडव्या झोपवून छापा (एक बाजू थोडी सपाट ठेवली की बेडवर नीट बसतात) आणि पट्टीतल्या भोकात सुपर ग्लूने चिकटवा. पट्टी मागे १५ अंश कललेली असेल तर ट्रॉली हलली तरी रिळं उडत नाहीत. बॉबिनचा आकार मशीनप्रमाणे बदलतो, आपली मोजून व्यासात १ मिमी मिळवा.

लोहचुंबक कधी

पत्रा लोखंडी असेल तर चुंबकाचे होल्डर मोहात पाडतात, कारण क्लिपच लागत नाही. पण चुंबक सरळ ओढायला जेवढा जोर धरतो त्यापेक्षा खूपच कमी जोर घसरण्याविरुद्ध धरतो, आणि ट्रॉलीच्या गुळगुळीत रंगावर लटकलेलं वजन नेमकं खाली घसरायला बघतं. म्हणून जड काही नको, टाचण्यांची वाटी, सुयांची पट्टी एवढ्यासाठी मस्त. १० बाय ३ मिमीचा निओडिमियम चुंबक असेल तर खळगा १०.२ व्यासाचा आणि ३.२ खोल. चिकटवण्याआधी सगळ्या चुंबकांची एकच बाजू मार्करने रंगवा. प्रिंट थांबवून गरम प्लास्टिकमध्ये चुंबक टाकायचे व्हिडिओ दिसतील, पण साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेले की शक्ती गमावू लागतात, ग्लूच बरा. आणि सुटा चुंबक घरात पडू देऊ नका, लहान मुलाने दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून जिवावर बेततं.

स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीसाठी एक वेगळी गोष्ट. झारा, उलथनं, किसणी दांड्याकडून लटकवायला प्रिंटेड हुक चालेल. अन्नाला लागणारा भाग होल्डरच्या आत टेकेल असं मात्र काही बनवू नका, थरांच्या खाचांत ओलं अन्न अडकतं आणि घासूनही निघत नाही.

घरी प्रिंटर नसेल तर

बहुतेक शहरांत ग्रॅमवर किंवा तासावर प्रिंट करून देणारे आहेत. मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे प्रिंटर असतोच, शिक्षकांना विचारून बघा. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, अशा ठिकाणी मशीन चालताना समोर बघता येतं आणि शिकायलाही मिळतं. बाहेर छापायला देताना फक्त एसटीएल (थ्रीडी आकाराची फाइल) पाठवून गप्प बसू नका. एसटीएलमध्ये एकक नसतं, म्हणून मापं मिलिमीटरमध्ये आहेत हे लिहा, आणि हुकची रुंदी इतकी आली पाहिजे असा एक आकडा द्या म्हणजे समोरच्याला ताडून बघता येईल. कुशीवर झोपवून छापा, भिंती चार, पीईटीजी, हेही स्पष्ट लिहा. नाहीतर समोरचा आपल्या सोयीने उभा छापतो आणि हुक तुटला की डिझाइनला दोष जातो. थ्रीएमएफ फाइल देता आली तर अजून चांगलं, त्यात एकक असतं आणि दिशाही टिकते.

बसवल्यावर रोजच्या वापराआधी प्रत्येक हुकवर ठरलेल्या वजनाच्या दुप्पट वजन रात्रभर लटकवून ठेवा, पाण्याची बाटली भरून चालते, अर्ध्या लिटरला अर्धा किलो. सकाळी यूच्या वाकाजवळ पांढरी रेघ दिसली तर प्लास्टिक ताणलं गेलंय, भिंत ३ ची ४ मिमी करा किंवा रुंदी १५ ची २० करा आणि परत छापा. फाइलच्या नावातच कडेची जाडी आणि फट लिहून ठेवा, सहा महिन्यांनी अजून दोन हुक हवेसे वाटतील तेव्हा परत कॅलिपर काढायला लागणार नाही.